गाडीवरची पीपीएफ फाटली, उचलली किंवा पिवळी पडली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीच्या रंगावर येणारा मार स्वतःवर घेण्यासाठीच लावलेली असते. त्यामुळे तिच्यावर ओरखडा दिसला की पैसे पाण्यात गेले असं समजू नका. नुकसान फिल्ममध्येच थांबलं की खालच्या रंगापर्यंत गेलं, हे आधी बघायचं. दुरुस्ती, पॅच, पॅनेल बदलणं (म्हणजे दार, बॉनेट अशा एका अख्ख्या भागाची फिल्म बदलणं), वॉरंटी मागणं, सगळं या एका गोष्टीवर ठरतं. बहुतेक ठिकाणी खरं नुकसान दगडाने कमी आणि नंतरच्या घाईने जास्त होतं, म्हणून खालची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. रस्ते, पाणी आणि हवा मात्र आपल्या महाराष्ट्रातली धरली आहे.

ओरखडा किती खोल आहे, हे घरी कसं ओळखायचं?

आधी फिल्मची रचना लक्षात घ्या. चांगली फिल्म टीपीयू या लवचिक प्लास्टिकची असते आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सर्वांत वर काही मायक्रॉनचा चकचकीत टॉपकोट, मध्ये टीपीयूचा जाड थर आणि खाली गम. कारखान्यातून आलेल्या गाडीचा रंग, खालच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून, बहुतेक वेळा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. म्हणजे फिल्म रंगापेक्षा जाड आहे आणि वरून भयंकर दिसणारा ओरखडाही अनेकदा अर्ध्यातच थांबलेला असतो.

ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. गाडी सावलीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. मग नख ओरखड्याच्या आडवं, हलक्या हाताने फिरवा. नख अडकलं नाही, तर जखम टॉपकोटमध्ये आहे आणि उष्णतेने ती भरून येण्याची शक्यता चांगली. नख अडकतंय, पण तळाशी गाडीचाच रंग एकसारखा दिसतोय, तर टीपीयू कापलं गेलंय आणि रंग शाबूत आहे. कडा सुटून बोटाला फिल्मची पापडी लागत असेल, तर चीर गमपर्यंत गेली आहे. अशा चिरेतून पाणी आणि धूळ आत जाते आणि काही आठवड्यांत तिथे काळी रेघ उमटते. तळाशी करडा किंवा पांढरा प्रायमर किंवा चमकता पत्रा दिसला, तर प्रश्न फिल्मचा उरलाच नाही, रंगाचा झाला.

पापडी ओढून बघू नका. दोन मिलिमीटरची चीर वीतभर होते, आणि नुकसान वाढण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं.

फिल्म ‘सेल्फ हीलिंग’ आहे असं सांगितलं होतं. मग ओरखडे का भरत नाहीत?

दोन कारणं असू शकतात. पहिलं, उष्णता मिळत नाही. टॉपकोटमधलं पॉलिमर दाबलं गेलं की मूळ आकारात परत येऊ पाहतं, पण त्यासाठी ते तापावं लागतं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभी असलेली गाडी दुपारपर्यंत आपोआप सुधारलेली दिसते. तीच गाडी मुंबईतल्या बेसमेंट पार्किंगमध्ये आठवडाभर राहिली, तर कपड्याने पुसल्याची जाळी तशीच दिसत राहते. गाडी धुऊन भर दुपारी तासभर उन्हात लावा. किंवा साधारण ६० अंशांचं, हाताला चटका बसेल पण उकळतं नसेल असं पाणी त्या जागेवर सावकाश ओता. केस वाळवायचा ड्रायरही चालतो. हीट गन मात्र घरी वापरू नका. तिच्या तोंडाशी तापमान काहीशे अंशांवर जातं, आणि एकाच जागी काही क्षण जास्त धरली तर फिल्म वितळते, बंपरसुद्धा वाकडा होतो.

दुसरं कारण, टॉपकोट कापला गेला आहे. तिथलं द्रव्यच निघून गेलंय, त्यामुळे भरायला काही शिल्लक नाही. किल्लीचा ओरखडा, मांजराच्या नखांनी पडलेल्या खोल रेघा, दुचाकीचं हँडल घासलेलं, हे उष्णतेने जात नाही. कुणी जातं म्हणून सांगत असेल, तर त्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.

एक्सप्रेसवेवर डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटवर ठिपका पडला. काय करू?

ठिपका पांढरट आणि बुजलेला असेल, भोक नसेल, तर फिल्म तेवढ्यापुरती चेंगरली आहे. गरम पाण्याने तो फिका होतो, कधी पूर्ण जातोही. भोक असेल, पण आत रंग साबूत असेल, तर घाई नाही. अशी दोन-चार भोकं घेऊन गाड्या वर्षानुवर्षं चालतात, आणि केवळ तेवढ्यासाठी पूर्ण बॉनेटची फिल्म बदलणं मला उधळपट्टी वाटते.

रंग उडून पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र वाट बघू नका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात आणि पावसाळ्यात सगळीकडेच, उघड्या पोलादाला गंज धरायला वेळ लागत नाही. वर फिल्म असल्याने ओल आत अडकून राहते आणि गंज कडेकडेने सरकत जातो. त्या भागाची फिल्म उचलून जागा साफ करणं, टचअप लावणं, ते पूर्ण वाळू देणं आणि मग नवी फिल्म, असाच क्रम हवा. भोकातून टचअपचा थेंब सोडून मोकळं होण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो रंग फिल्मच्या कडांना धरतो, पत्र्यावर नीट बसत नाही, आणि पुढे फिल्म काढताना तिच्याबरोबर निघून येतो. दुकानात जायला दोन दिवस लागणार असतील, तर जागा कोरडी करून वर स्वच्छ पारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावा. तेवढ्यापुरता पुरतो.

बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे गंजाची भीती नाही. काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं. त्यावर तांबडा गंज येत नाही, पण उघड्या जागेभोवती रंगाखाली फुगवटे येऊ शकतात, म्हणून तेही उघडं ठेवू नये.

फाटलेल्या जागेवर पॅच मारता येतो का, की अख्खं पॅनेल बदलावं लागतं?

पॅच मारता येतो. प्रश्न तो कुठे आहे याचा आहे. दाराखालची पट्टी, चाकामागचा भाग, बंपरचा खालचा ओठ, दाराची कड, अशा ठिकाणी चांगल्या हाताने मारलेला पॅच शोधूनही सापडत नाही. बॉनेटच्या मध्यावर किंवा दाराच्या सपाट भागावर मात्र जोडाची रेघ दिसणारच, आणि त्या रेघेत धूळ बसली की गडद रंगाच्या गाडीवर ती पांढुरकी आणि पांढऱ्या गाडीवर काळी दिसते. तिथे पूर्ण पॅनेल बदललेलं बरं.

पॅच सांगताना दोन गोष्टींवर अडून बसा. जुन्या फिल्मवरच नवी फिल्म चिकटवू देऊ नका. टॉपकोट पाणी आणि घाण झटकण्यासाठी बनवलेला असतो, तो वरच्या फिल्मचा गमही नीट धरू देत नाही. दुसरं, जुनी फिल्म कापताना ब्लेड रंगावर चालता कामा नये. कापायची कड उष्णतेने उचलून, रंगापासून दूर धरून कापावी, नाहीतर ब्लेडशिवाय फिल्म कापणारी दोरीची टेप वापरावी. ‘हात हलका आहे, काही होत नाही’ एवढ्यावर गाडी ताब्यात देऊ नका.

फिल्मच्या कडा उचलल्या आहेत. चिकटवू का?

बोटाने दाबून ठेवू नका, आणि फेविक्विकसारखा झटपट गम तर कधीच नको. तो गम क्लिअर कोटला धरतो आणि काढताना रंगासकट निघतो. पन्नास रुपयांत झालेली दुरुस्ती पुढे पॅनेल रंगवण्यापर्यंत जाते.

कडा का उचलते हे कळलं की उपायही कळतो. लावण्याआधी पॅनेलच्या काठावरचं जुनं वॅक्स किंवा पॉलिश नीट पुसलं गेलं नसेल, तर गम रंगाला धरतच नाही. वळणावर फिल्म जास्त ताणून बसवली असेल, तर ती मूळ आकारात परत जायला बघते आणि कड ओढली जाते. बंपरचे कोपरे आणि आरशांची पाठ इथे हा त्रास जास्त. कड आतल्या बाजूला वळवून न घेता पॅनेलच्या काठावरच कापली असेल, तर प्रेशर वॉशरचा फवारा तिच्याखाली शिरतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नुसती ‘वॉशिंग’ला दिली की हे हमखास घडतं, कारण तिथे नोझल पत्र्यापासून वीतभरावर धरलेलं असतं.

नुकतीच उचललेली कड स्वच्छ असेल, तर दुकानात ती अल्कोहोलने पुसून, हलकी तापवून पुन्हा बसवता येते. त्यासाठी एकेक दिवस महत्त्वाचा आहे. कोकणात एक फेरी झाली आणि जांभ्याची लाल धूळ त्या गमला बसली, की तो गम परत धरत नाही. मग उचललेला भाग काही मिलिमीटर कापून टाकायचा, नाहीतर पॅनेल बदलायचं. कापलेली अरुंद पट्टी बहुतेकांना दिसतही नाही, त्यामुळे हा मार्ग स्वस्तात मस्त आहे. फक्त तो ब्लेडवर चांगला ताबा असलेल्याच माणसाकडून करून घ्या.

फिल्मखाली बुडबुडे आहेत. सुईने टोचून काढू का?

नाही. फिल्म पाण्यावर सरकवून बसवतात आणि ते पाणी स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, बाहेर काढतात. थोडं आत राहतंच. दाबल्यावर सरकणारे, मऊ, धूसर ठिपके म्हणजे हेच पाणी. उन्हाळ्यात ते काही दिवसांत जातं, पावसाळ्यात हवाच दमट असल्याने तीन-चार आठवडेही लागतात. गाडी उन्हात लावत राहा.

मध्ये कडक कण लागत असेल, तर तो धुळीचा किंवा धाग्याचा आहे आणि तो कधीच जाणार नाही. एखादा कण कुणाच्याही हातून राहतो. बॉनेटभर शिंपडल्यासारखे असतील, तर दुकानात धूळ होती, आणि पॅनेल बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. महिन्यानंतरही टिकलेला हवेचा बुडबुडा दुकानदाराला दाखवा.

वर्षभर नीट असलेल्या फिल्मखाली अचानक फुगवटे आले, तर ते गंभीरपणे घ्या. पॅनेल आधी पुन्हा रंगवलेलं असेल, तर खालचा रंगच पत्रा सोडत असू शकतो. जुनी गाडी घेताना असं दिसलं, तर ती गाडी अपघातातून गेली आहे का, हे आधी तपासा.

पांढरी गाडी, फिल्म पिवळी दिसायला लागली. साफ होईल?

पिवळेपणा वर आहे की आत, हे आधी बघा. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल सम प्रमाणात घेऊन मऊ मायक्रोफायबरने एक छोटा चौकोन पुसा. तो चौकोन उजळला, तर वरची घाण आहे. धूर, रस्त्यावरचं तेल, स्वस्त वॅक्सचे थर यांनी फिल्म अशी मळते, आणि नीट धुलाईने ती सुधारते.

काहीच फरक पडला नाही, तर फिल्म किंवा तिचा गम आतून बदलला आहे. याला कोणतंही केमिकल चालत नाही. चांगली टीपीयू फिल्म ज्या प्रकारच्या पॉलियुरेथेनची असते ते सूर्याच्या अतिनील किरणांत बरीच वर्षं टिकतं. स्वस्त प्रकारचं टीपीयू आणि पीव्हीसी मिसळलेल्या फिल्म आपल्या उन्हात लवकर पिवळ्या पडतात. वॉरंटी असेल तर हा दावा करायचाच, कारण पिवळेपणा हा फिल्मचा दोष मानला जातो. वॉरंटी नसेल तर लवकर काढा. पिवळी पडलेली फिल्म पुढे कडक आणि ठिसूळ होते आणि मग ती तुकड्यातुकड्यांनी निघते.

दसऱ्याच्या पूजेचे हळदीचे डाग, पक्ष्यांची घाण, बोअरच्या पाण्याचे ठिपके: हे कसं काढायचं?

हळदीचा डाग घासू नका. साबणाच्या पाण्याने वरची हळद धुऊन टाका आणि गाडी उन्हात ठेवा. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, काही दिवसांत तो आपोआप फिका होतो. कुंकवात मात्र कृत्रिम रंग असू शकतो आणि तो फिल्ममध्ये कायमचा उतरतो. म्हणून स्वस्तिक काढायचं तर काचेवर काढा, किंवा बॉनेटवर आधी कागद ठेवा. झेंडूचा हार सेलोटेपने फिल्मवर चिकटवू नका. दुसऱ्या दिवशी टेप ओढताना कड उचलून येते. हार ग्रिलला बांधला की पूजाही होते आणि फिल्मही राहते. धुळवडीचा रंग लागला तर त्याच दिवशी धुवा.

कावळा-कबुतरांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांना वेळ देणं हीच चूक. उन्हात तापलेल्या फिल्मवर विष्ठा काही तासांत टॉपकोट खाते. ओला मऊ कपडा त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, भिजू द्या, मग उचलून घ्या. वाळलेली कपची नखाने खरवडू नका. खड्डा पडलाच असेल आणि उथळ असेल, तर उन्हाने थोडा भरतो.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गाडी उन्हात धुऊन तशीच सोडली, की त्यांचे पांढरे कडे बसतात. पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून कपड्याने लावा, मिनिटभर थांबा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांतलं काहीही फिल्मला लावू नका. बांधकामाखाली गाडी लावल्याने सिमेंटचे शिंतोडे वाळून बसले असतील, तर घरी प्रयोग नकोत. त्यातली वाळू सँडपेपरचं काम करते.

रबिंग कंपाउंडने फिल्म चमकवता येते का?

नाही. कंपाउंड टॉपकोट घासून काढतं. त्या दिवशी चकाकी येते, पुढे तो भाग निस्तेज होतो आणि स्वतः भरून यायचा गुणही जातो. मॅट फिल्मवर तर साधं पॉलिशही लावू नये, चकचकीत ठिगळ पडतं आणि ते परत मॅट होत नाही.

खराब फिल्म मी स्वतः काढू शकतो का?

रंग कारखान्यातला असेल, फिल्म चांगल्या दर्जाची आणि फार जुनी नसेल, तर आरशासारखा किंवा दाराच्या कडेसारखा छोटा भाग काढता येतो. बॉनेट, बंपर आणि छत यांच्या वाटेला जाऊ नका.

रंगाचं आधी बघा. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजतात, म्हणून तो पत्र्याला घट्ट धरतो. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलेला रंग बराच कमी तापमानाला सुकवलेला असतो, कधी नुसता हवेवर. खालची घासाई आणि प्रायमर नीट नसेल, तर फिल्मबरोबर तो पापुद्र्यासारखा सोलून येतो. रंगाची जाडी मोजणारं यंत्र डिटेलिंगवाल्यांकडे असतं. त्यावर आकडा फिल्मसकट येतो, हे ध्यानात ठेवा. २०० मायक्रॉनच्या फिल्मखाली मूळ रंग असेल तर ३०० ते ३५० दिसेल, त्याहून खूप वर गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालं आहे. साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे गाडीचा इतिहासच विचारावा लागतो.

काढायचीच असेल तर दुपारी, गाडी उन्हात तापल्यावर काढा, वरून ड्रायरची ऊब द्या. हात सहन करील एवढीच उष्णता पुरे. एक कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, ब्लेड नको. मग फिल्म स्वतःवरच दुमडून, पॅनेलला जवळजवळ समांतर ठेवून, मागे मागे ओढत जा. सरळ वर ओढली की सगळा जोर रंगावर येतो. गती इतकी सावकाश हवी, की गम रंगाऐवजी फिल्मबरोबर येताना दिसेल. गम मागे राहायला लागला तर थांबा आणि थोडं आणखी तापवा. उरलेला गम आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारित गम रिमूव्हरने भिजवून, बोटाने गोळा करत काढा.

फिल्मच्या मागे रंगाचा टिकलीएवढा तुकडा दिसला, तरी त्याच क्षणी थांबायचं. अर्धी निघालेली फिल्म घेऊन दुकानात जाण्यात कमीपणा नाही.

काढल्यावर तो भाग शेजारच्या उघड्या पॅनेलपेक्षा गडद किंवा ताजा दिसू शकतो. फिल्मखालचा रंग जपला गेला आणि बाकीचा उन्हाने विटला. हलक्या पॉलिशने फरक बराच मिटतो.

फिल्म काढल्यावर रंगावर सरळ बारीक रेघा दिसल्या. त्या कशाच्या?

पॅनेलच्या काठांना, हँडलभोवती, लोगोभोवती किंवा दिव्यांच्या कडेला असतील, तर बहुधा लावताना गाडीवरच ब्लेड चालवल्याच्या खुणा आहेत. फिल्म असेपर्यंत त्या दिसत नाहीत, म्हणूनच इतका राग येतो. उथळ रेघ पॉलिशने जाते. प्रायमर दिसत असेल तर रंगकामच लागेल. लगेच फोटो काढा, तारखेसह ठेवा, आणि पॉलिश करण्याआधी ज्यांनी लावली त्यांना लेखी कळवा. संगणकावर पॅनेलच्या मापाने आधीच कापलेली फिल्म वापरली, तर हा धोका खूप कमी होतो. नवी लावताना हे विचारून घ्या.

एकच पॅनेल बदललं तर रंगात फरक दिसेल का?

तीन-चार वर्षं जुन्या फिल्मशेजारी नवी थोडी जास्त चमकेल. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर हे फारसं जाणवत नाही. त्याच कंपनीची, त्याच मालिकेची फिल्म मागा. फिल्मचा रोल सहसा १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असतो, त्यामुळे बहुतेक बॉनेट एका तुकड्यात बसतात. कुणी बॉनेटला मध्ये जोड देत असेल तर कारण विचारा.

अपघातात पॅनेल रंगवावं लागलं. नवी फिल्म कधी लावायची? विमा पैसे देतो का?

ताज्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतं. ते पूर्ण उडण्याआधी फिल्म लावली की बुडबुडे येतात आणि रंग मऊच राहतो. रंगवाल्याने सांगितलेली मुदत पाळा. एक महिना थांबणं सुरक्षित. नुसता पोचा आला असेल आणि रंग फुटला नसेल, तर रंग न लावता आतून पोचा काढणाऱ्या कारागिराला दाखवा. अनेकदा फिल्म न काढताही काम होतं.

विम्याचं म्हणाल, तर रंगकाम पॉलिसीत बसतं, पण नंतर बाहेरून लावलेली फिल्म सर्वसाधारण पॉलिसीत आपोआप धरली जात नाही. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीच बिल दाखवून ती अॅक्सेसरी म्हणून नोंदवता येईल का, हे लेखी विचारा. आणि सर्व्हेअर बघून जाण्याआधी फाटलेली फिल्म काढू नका.

वॉरंटीत नक्की काय येतं?

पिवळी पडणं, तडे जाणं, बुडबुडे येणं, थर सुटणं, हे फिल्मचे दोष वॉरंटीत येतात. दगड, ओरखडे, अपघात, चुकीचं केमिकल हे येत नाही. कडा उचलणं हा बहुतेक वेळा लावणाऱ्याचा दोष असतो आणि त्याची जबाबदारी दुकानाची, म्हणून दोन्ही हमी वेगवेगळ्या लिहून घ्या. जीएसटी बिलावर गाडीचा नंबर, फिल्मचं पूर्ण नाव, रोलचा क्रमांक आणि कोणती पॅनेल झाकली हे हवं. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तुमच्या नावाने नोंदली गेली का, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासा. नुसतं छापील चकचकीत कार्ड पुरावा म्हणून फार कमी कामाचं.

फिल्म खरी आहे का, हे उरलेल्या तुकड्यावरून थोडंफार कळतं. टीपीयू ताणून सोडलं की मूळ मापाकडे परत येतं. पीव्हीसी ताणल्यावर तसंच ओढलेलं राहतं. परदेशी नाव म्हणजेच दर्जा, असंही नाही. गरवारे हाय-टेक फिल्म्स ही आपली कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला पीपीएफ बनवते.

दुकानदार दाद देत नाही. पुढे काय?

फोनवरचं भांडण थांबवा आणि लेखी तक्रार करा. फोटो, बिल आणि संदेश जोडून ईमेल पाठवा, उत्तरासाठी पंधरा दिवस द्या, फिल्म बनवणाऱ्या कंपनीलाही प्रत पाठवा. काम कोणत्या दुकानात झालं, हे कंपन्या बऱ्यापैकी गांभीर्याने घेतात. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात जाता येतं. दुकान पुण्यात आणि तुम्ही सोलापुरात राहत असलात, तरी तक्रार सोलापुरात करता येते. कामासाठी तुम्ही दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून आश्वासनांवर वेळ घालवू नका.

तक्रार चालू असताना दुसऱ्या दुकानात फिल्म काढून घेतली, तर पुरावाच जातो. काढायलाच हवी असेल, तर आधी कळवा, काढतानाचा व्हिडिओ करा आणि निघालेली फिल्म जपून ठेवा.

दुरुस्त केलेल्या जागेची सुरुवातीला काय काळजी घ्यायची?

पहिला आठवडा गाडी धुऊ नका, एखादा दिवस वेगाने हायवेला काढू नका. दोन आठवड्यांनी कडा दाखवायला दुकानात जा. ही भेट टाळू नका, कारण उचलणारी कड याच काळात सापडते आणि फुकटात बसते. पुढे प्रेशर वॉशर दोन फुटांवरून, कडेला तिरका न मारता. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या दादांना कोरडा कपडा फिरवू नका, असं नीट समजावून सांगा. आदल्या दिवशीची धूळ आणि तो कपडा मिळून टॉपकोटवर रोज नवी जाळी काढतात. त्यांना दोन मायक्रोफायबर आणि पाण्याची फवारणीची बाटली घेऊन द्या. बाहेर उभ्या गाडीवर कव्हर घालणार असाल, तर ते वाऱ्याने हलणार नाही असं घट्ट बांधा आणि गाडी धुळीने माखलेली असताना घालू नका.